अकरा वर्षांचं अर्जंट

आमच्या गल्लीत एके काळी अशी कुजबूज होती की लाँड्रीतल्या आत्याचा म्हणे एक माणूस होता. एका सकाळी तो आपला राखाडी कोट तिच्या हातात देऊन ‘आलोच’ म्हणून गेला, आणि अकरा वर्षं झाली तरी ती बिचारी त्याची वाट बघते आहे.

कुजबूज काही हवेतून आलेली नव्हती, तिला पुरावे होते. लाँड्रीच्या काउंटरमागे कपडे टांगायची लांब दांडी होती. तिच्या पार टोकाला, भिंतीला चिकटून, तो कोट लटकलेला असायचा. वर प्लॅस्टिक, आणि कॉलरला टाचणीनं लावलेली लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठी म्हणजे अर्जंट, त्याच दिवशी द्यायचं काम. दर शनिवारी दुकान झाडून झालं की आत्या प्लॅस्टिक वर करून कोटावर ब्रश फिरवायची.

दुसरा पुरावा जास्त चमचमीत होता. राखाडी कोटातला कुणीही पुरुष रस्त्यानं जाऊ दे, आत्याचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं आणि नजर थेट त्याच्या छातीवर जायची. एकदा तर अशाच एका कोटाच्या मागे ती बसस्टॉपपर्यंत गेली, बसमध्ये चढली, आणि दोन स्टॉप पुढे उतरून पायी परत आली. हे समोरच्या शिंप्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शिंप्याला सुईचं भोक दिसत नाही, पण रस्त्यापलीकडचं सगळं दिसतं. दोन स्टॉप पुढचं कसं दिसलं, हे मी त्याला विचारलं नाही. इतक्या चांगल्या बातमीला असले प्रश्न विचारू नयेत. आणि मी ती फार कुणाला सांगितलीही नाही. चौघांनाच सांगितली, तीसुद्धा शपथ घालून.

आता आत्या कोण, ते सांगतो. ती आमच्यापैकी कुणाचीच आत्या नव्हती. लाँड्रीच्या थोरल्या मालकांचा मुलगा लहानपणी काउंटरखाली खेळायचा, तो तिला आत्या म्हणायचा, म्हणून गल्लीही म्हणायला लागली. लग्न केलं नव्हतं, भाऊ-भावजयीकडे राहायची. अंगानं हँगरसारखी, नाकावर चष्मा, अंबाड्यात पेन्सिल. आणि जीभ अशी की गिऱ्हाईक कपडे ठेवून गेलं तरी थोडा वेळ बाहेर उभं राहून विचार करायचं.

तिचं सगळं आयुष्य एका शब्दाशी झगडण्यात गेलं. तो शब्द म्हणजे अर्जंट.

हा शब्द इंग्रजांनी कशासाठी केला असेल ते असो, आमच्या गल्लीनं त्याचं जे केलं ते त्यांनी बघितलं असतं तर परत मागितला असता. शिंपी म्हणायचा, ‘अर्जंट घेतो,’ म्हणजे कापड आजच घेणार. शिवणार कधी हा वेगळा विषय. नळवाला फोनवर ‘अर्जंट निघालो’ म्हणाला की समजायचं, अजून अंथरुणात आहे. माझी सून ‘बाबा, अर्जंट या’ म्हणते तेव्हा नातवानं भिंत रंगवलेली असते. मी नोकरीत होतो त्या कचेरीत ‘अर्जंट’ शिक्क्याच्या फायलींना वेगळं कपाट होतं, आणि त्या कपाटाची किल्ली मी रुजू होण्याआधीच हरवलेली होती. एकूण काय, हा शब्द लोक बोलण्याच्या आधी घसा साफ करावा तसा वापरत.

आत्याकडे मात्र तो चालत नसे. ती उलटतपासणी घ्यायची.

“अर्जंट आहे हं, आत्या.”

“घालणार कोण?”

“मी.”

“कुठे?”

“म्हणजे... असंच. बाहेर.”

“बाहेर काय आहे?”

“काही नाही.”

“मग गुरुवारी.” आणि पांढरी चिठ्ठी.

एकदा एक साहेब पडदे घेऊन आले. अर्जंट म्हणाले. आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. “पडदे कुठे निघालेत?”

माझीही गत वेगळी नव्हती. मी एकदा पांढऱ्या शर्टावर अर्जंट म्हणालो, तर म्हणाली, “तुम्ही रिटायर होऊन सहा वर्षं झाली. शर्टाला कसली घाई? तुम्हाला सकाळी पेपर वाचायला सदरा पुरतो.” शिंपी खिडकीत बसून खो खो हसला. मग पुढच्या आठवड्यात त्याची पाळी आली आणि मी हसलो.

पण एक गोष्ट मी लाँड्रीच्या दारातल्या बाकावर बसून बसून पाहिली आहे. ज्याला खरंच घाई असायची, तो हा शब्द उच्चारत नसे. एका दुपारी एक माणूस पांढरी पँट घडी करून घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. “जमलं तर बघा,” एवढंच म्हणाला. आत्यानं काही विचारलं नाही. साहेबांचे पडदे बाजूला ढकलले, पँट स्वतः इस्त्रीखाली घेतली, तासाभरात हातात दिली आणि पावती फाडलीच नाही. तो गेल्यावर मी विचारलं, “कोण गेलं त्याचं?” आत्या म्हणाली, “तुम्हाला कळलं तर गल्लीला कळेल. चहा प्या आणि घरी जा.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग थोरल्या मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि दुकान धाकट्याच्या हातात आलं. हाच तो काउंटरखाली खेळणारा. आता त्याला दाढी होती आणि एक कॉम्प्युटर होता.

धाकटा स्वभावानं वाईट नव्हता. कुठेतरी शिकून आला होता, एवढाच त्याचा दोष. त्यानं पहिल्याच दिवशी नियम केला: गिऱ्हाईक अर्जंट म्हणालं की लाल चिठ्ठी, प्रश्न नाही.

“कोण घालणार हे विचारायचं नाही?” आत्या म्हणाली.

“नाही, आत्या. गिऱ्हाईकाचा अपमान होतो.”

“होतो ना. म्हणून तर खरं बोलतात.”

पण तो मालक. नियम लागू झाला. गल्लीला ही बातमी कळताच जी मजा उडाली ती विचारू नका. आठ दिवसांत सगळी दांडी लाल. पडदे लाल, गाद्यांच्या खोळी लाल, शिंप्यानं तर मांजराच्या टोपलीतली चादर लाल चिठ्ठीवर दिली. सगळंच अर्जंट झाल्यावर कुठलंच काम वेळेवर होईना. नवव्या दिवशी एक पोरगी नोकरीच्या मुलाखतीला निघालेली, तिचा ब्लाउज चादरीखाली सापडला आणि तिला भावाचा शर्ट घालून जावं लागलं. त्यानंतर आत्यानं गुपचूप उलटा कारभार सुरू केला. ज्याला खरी घाई, त्याच्या कपड्याला पांढरी चिठ्ठी. आणि पांढऱ्याला हात आधी. सगळं ठीक चालायला लागलं. धाकट्याला वाटलं, आपला नियम काय झकास आहे!

मग त्यानं एके सोमवारी दांडी मोजायला घेतली, कॉम्प्युटरात भरायची म्हणून. मोजत मोजत टोकाला गेला. कोट काढला. चिठ्ठीवरची तारीख वाचली.

“आत्या, ही लाल चिठ्ठी अकरा वर्षांपूर्वीची आहे.”

“असू दे. तो तिथेच ठेव.”

“मला प्रश्न विचारता, पडद्यांना प्रश्न विचारता, आणि हे तुमचं अर्जंट?”

“बाळा, ठेव म्हटलं ना.”

आत्याचा आवाज कापला. आम्ही बाकावरचे दोघेही, मी आणि शिंपी, सरळ बसलो. तिचा आवाज कापलेला आम्ही तोवर ऐकला नव्हता. धाकटा हट्टाला पेटला. माळ्यावरून त्या सालची वही काढली, धूळ झटकली, नंबर शोधला आणि मोठ्यानं वाचलं. नावाच्या रकान्यात होतं ‘अर्जंट’. पत्त्याच्या रकान्यात होतं ‘फार अर्जंट’.

अक्षर आत्याचं होतं.

शिंपी माझ्या कानाशी म्हणाला, “बघा! नावसुद्धा लपवलंय.”

धाकट्यानं वही मिटली. “आत्या, हे असं चालायचं नाही. शनिवारपर्यंत हा कोट दारात टांगतो. मालक आला, ओळख पटली, तर तो घेऊन जाईल आणि तुमच्या काउंटरवर मी पुन्हा बोलणार नाही. चिठ्ठ्या तुम्ही म्हणाल तशा. नाही आला, तर कोट वाटून टाकायचा, काउंटरवर मी बसणार आणि तुम्ही मागे घड्या घालायच्या.”

मागची खोली म्हणजे वाफ, दोन इस्त्र्या आणि एक खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी. तेवीस वर्षं जी बाई गल्लीचं तोंड बघत बसली, तिला भिंत बघायला लावायची! आत्यानं पेन्सिल अंबाड्यातून काढली, बघितली आणि परत खोचली.

मंगळवारपासून कोट दारात, खाली पाटी: मालकानं ओळखून न्यावा. फुकटचा कोट म्हटल्यावर मालकांना काय तोटा? पहिला केशकर्तनालयवाला आला.

“माझाच आहे, आत्या. बाहीवरून ओळखला.”

“खिशात काय होतं?”

“रुमाल.”

“पुढचा.”

पुढचा शिंप्याचा मेहुणा. तो म्हणाला कंगवा. त्याच्या डोक्याकडे बघून आत्या म्हणाली, “कंगवा? तुमच्या?” एक सद्गृहस्थ तर कोट अंगात घालूनच उत्तर द्यायला लागले आणि बटण लागेना तेव्हा म्हणाले, “तेव्हा लागायचं.” बुधवारपर्यंत चष्मा, पाकीट, शेंगदाणे आणि प्रेमपत्र एवढी उत्तरं येऊन गेली. प्रेमपत्र म्हणणारा शिंपीच होता. त्याला कोट नको होता, फक्त आत्याचा चेहरा बघायचा होता. चेहरा काही हलला नाही.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. बुधवारी संध्याकाळी माझी मेहुणी आली होती. ती नदीपलीकडे राहते. आत्याचं काउंटर जाणार म्हणून माझ्या जिवाला खरंच लागलं होतं, आणि जिवाला लागलं की माझं तोंड सुटतं. मी तिला सगळं सांगितलं: कोट, अकरा वर्षं, ब्रश, बस, खोटं नाव. मेहुणीनं डोळे पुसले आणि कुणाला सांगणार नाही म्हणाली. मेहुणी माझ्यासारखीच आहे.

शनिवारी दुपारचे तीन वाजले. दुकान सहाला बंद व्हायचं. बाकावर आम्ही नेहमीचे होतो, शिवाय शिंपी मशीनच रस्त्याच्या कडेला आणून बसला होता. आत्या काउंटरवर ताठ. धाकटा तिच्याकडे न बघता कॉम्प्युटर पुसत होता.

तेवढ्यात बसस्टॉपकडून तिघं येताना दिसली. पुढे एक बाई, तिच्या चालण्यातूनच कळत होतं की घरून भांडत निघाली आहे. मागे एक गोल चेहऱ्याचा माणूस, राखाडी कोटात. त्याच्यामागे अकराएक वर्षांची मुलगी, फार मजेत.

बाई दारात थांबली. टांगलेल्या कोटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “हाच ना?”

“अगं, माझा कोट माझ्या अंगात आहे!”

“अंगात आहे म्हणता, मग याच्या कोपराला ठिगळ कुणाचं? मी लावलंय ते! माझा टाका मी ओळखत नाही?” मग ती आत्याकडे वळली. “तुम्हीच का त्या? अकरा वर्षं वाट बघताय म्हणे यांची. नदीपलीकडे आमच्या सगळ्या आळीला माहीत आहे, फक्त मला नाही. अकरा वर्षांपूर्वी इथे राखाडी कोट दिला होता तो यांनीच!”

मी बाकावर जरा मागे सरकलो.

आत्यानं तिचं ऐकलंच नाही. ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली होती आणि तिची नजर सवयीप्रमाणे त्या माणसाच्या छातीवर.

“बघा! बघा कशी बघतेय!” बाई ओरडली. “माझ्यासमोर!”

“दुसरं बटण,” आत्या पुटपुटली. तिनं हात पुढे केला, त्याच्या कोटाचं दुसरं बटण चिमटीत धरलं आणि उलटं केलं. बटण निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. राखाडी कोटाला निळा दोरा.

आत्यानं एक मोठा श्वास सोडला. मग आवाज आवरून म्हणाली, “तुम्ही आला होतात तेव्हा काय झालं होतं, आठवतं?”

“न आठवायला काय झालं?” तो माणूस घाम पुसत म्हणाला. “ही पुढच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. दोघींना एक वाजता घरी सोडणार होते. पहिल्यांदाच बाप झालेलो, कोटावर चहा सांडला. पळत इथे आलो. तुम्ही नाव विचारलं, पत्ता विचारला, मी काय बोललो देवाला ठाऊक.”

“मला ठाऊक आहे,” धाकटा वहीकडे बघत म्हणाला.

“नंतर कोट जरा सैल वाटला. हिला म्हटलं, तर म्हणाली जागरणानं तुम्हीच आटलात. कोपराचं ठिगळ गेलं, तर मला वाटलं, इथे रफू करून दिलं असेल. चांगली लाँड्री आहे म्हटलं.”

आत्यानं टांगलेला कोट खाली काढला. “खिशात काय होतं?”

त्या माणसानं बायकोकडे चोरून बघितलं. “नको,” तो म्हणाला. “या विषयावर आमच्या घरी अकरा वर्षं भांडण चालू आहे.”

“सांगा.”

“मोजा. एक मोजा. बाळाचा.”

आत्यानं आतल्या खिशात दोन बोटं घातली आणि बोटाएवढा पिवळा लोकरीचा मोजा काढून काउंटरवर ठेवला.

शिंप्याचं मशीन थांबलं. बाईनं मोजा उचलला, आत अंगठा घातला, टाचेचा टाका बघितला आणि तिचा चेहरा असा झाला की शिव्या आठवतायत पण तोंडात येत नाहीत.

“खिशात ठेवलाय म्हणत होतो ना मी!” नवरा ओरडला. अकरा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्याचा आवाज इतका वर गेला असावा. “म्हणत होतो ना!”

“पोर एका पायानं उघडी आली घरी,” बाई आम्हा सगळ्यांना सांगायला लागली, “दुसरा मोजा अजून कपाटात आहे माझ्या. आणि तुम्ही हो, कोट बदललेला कळला नाही तुम्हाला?”

“तुला तरी कुठे कळला?”

“मी पोरीकडे बघत होते!”

मुलगी मोजा अंगठ्यावर चढवून बघत होती. “हा माझा? एवढा?” म्हणाली, आणि त्यावर तिची आई हसली. मग नवरा हसला, मग आम्हीही. हसली नाही ती आत्या. ती त्याला म्हणाली, “तो कोट काढा आणि हा घाला. सही करा. नाव नीट लिहा.”

त्यानं स्वतःचा कोट घातला. बटण लागलं नाही.

धाकटा निळ्या दोऱ्याच्या कोटाकडे बघत होता. “आत्या, मग हा कुणाचा?”

“आत कॉलरखाली बघ.”

त्यानं बघितलं. तिथे त्याच्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर शिवलेलं होतं. दर थंडीत दुकानात डबा खाताना थोरले विचारायचे, ‘माझा कोट झाला का गं?’ आणि आत्या म्हणायची, ‘होतोय, मालक. अर्जंट नाही ना?’ थोरले म्हणायचे, ‘छे, सावकाश.’ धाकट्यानं हे लहानपणापासून ऐकलं होतं आणि त्याला वाटायचं ही दोघांची काहीतरी गंमत आहे.

त्याच संध्याकाळी आत्यानं तो कोट स्वतः धुतला, इस्त्री केली आणि थोरल्यांना नेऊन दिला. धाकटा बरोबर होता, त्यानंच मला सांगितलं. थोरल्यांनी गुडघ्यावर कोट पसरला, बटणावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “बराच घासलाय गं. मळला होता का इतका?”

सोमवारी आत्या काउंटरवर होती. धाकट्यानं कॉम्प्युटर मागच्या खोलीत नेला; वाफेनं तो महिन्याभरात बंद पडला. मी मुद्दाम एक सदरा घेऊन गेलो.

“अर्जंट आहे, आत्या.”

“घालणार कुठे?”

“मेहुणीकडे जायचंय.”

“मग मुळीच अर्जंट नाही,” ती म्हणाली आणि पांढरी चिठ्ठी लावली. पण नंतर, चिठ्ठी टोचता टोचता, तिनं मला खरं काय ते सांगितलं. आता शपथ नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आत्याचा कुणी माणूस नव्हता. त्या गृहस्थाला तिनं त्याआधी आयुष्यात एकाच दिवशी पाहिलं होतं, सगळं मिळून पाच मिनिटं, आणि त्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. घाईत तिनं त्याला चुकून मालकांचा कोट दिला होता. अकरा वर्षं ती तो कोट शोधत होती.